लक्झेम्बर्गला गेलेला प्रश्न

उपवासकाळातल्या रविवारी दुपारी तीनला ओल्शिनेकच्या चर्चमध्ये विलापाची गाणी होतात. गायची रीत अशी, की डावीकडच्या बाकांवरून पुरुषांनी एक कडवं म्हणायचं आणि उजवीकडून बायकांनी त्याला उत्तर द्यायचं. ऑर्गन नुसता सूर धरून बसतो, म्हाताऱ्याने चालताना भिंतीला हात लावावा तसा. एकीकडून दुःखाने हाक मारायची, दुसरीकडून दुःखानेच ओ द्यायची. हे ज्याने एकदा कान देऊन ऐकलं, त्याला प्रभूच्या यातना वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

न्यायाधीश बोगुमिवा शेरान्त सात वर्षांच्या असल्यापासून उजवीकडच्या तिसऱ्या बाकाशी उभ्या राहत आल्या होत्या. आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, जिल्ह्याच्या अपील न्यायालयात होत्या, आणि गाणी पुस्तक न उघडता म्हणत होत्या. फक्त गेली दोन वर्षं एक गोष्ट बदलली होती. डावीकडून जो एक खर्जातला आवाज येई, त्या आवाजाकडे त्या पाहत नसत.

तो आवाज ग्रात्सियानचा. तीन वर्षं तो त्यांच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार होता. निकाल लिहायला त्यांनीच त्याला शिकवलं. हरलेल्या माणसाला आपण का हरलो हे कळलं पाहिजे, नाहीतर तो निकाल नव्हे, ती दांडगाई, असं त्या सांगत आणि तो वहीत उतरून घेई. गाणी संपली की तो त्यांच्याबरोबर घरी जाई, आंबवलेल्या राईच्या पिठाचं सूप आणि हेरिंग मासा खाई, आणि जाताना त्यांच्या म्हाताऱ्या आईचा हात कपाळाला लावून जाई. मग एके दिवशी त्याने सत्ताधाऱ्यांनी बसवलेल्या नव्या मंडळाकडून न्यायाधीशपदाची नेमणूक घेतली. त्या दिवसापासून बोगुमिवाबाईंनी त्याच्या नमस्काराला उत्तर देणं बंद केलं.

त्या रविवारी प्रवचन होतं हन्ना या माजी याजकावर. फादर एवारिस्त ऐंशीच्या पुढचे. सांगता सांगता त्यांचा आवाज आपोआप सुरात जाई. आधी एखादा शब्द लांबे, मग वाक्य, मग अख्खा प्रसंगच ते गाऊन सांगत. बिशपांना हे फारसं पसंत नव्हतं म्हणे, पण गाव त्यासाठीच येई.

प्रभूला बांधलं आणि आधी कुणाकडे नेलं, असं फादरांनी विचारलं. त्या वर्षी पदावर असलेल्या कयफाकडे नव्हे. हन्नाकडे. हन्नाचं प्रमुख याजकाचं पद तर कधीच काढून घेतलेलं होतं. मग त्याच्या अंगणात शेकोटी कशाला पेटली होती? तो चौकशी कशाच्या अधिकाराने करत होता? इथे फादरांचा आवाज वर चढला, थोडा कापला, आणि ते गायले, "हन्नाकडे पद नव्हतं, माझ्या लेकरांनो, आणि कयफाकडे पद होतं. आणि माझ्या प्रभूला न्याय ना या दारी मिळाला, ना त्या दारी."

बायकांनी डोळे पुसले. बोगुमिवाबाईंनीही पुसले. पण खरं सांगायचं तर त्यांना त्यातला पहिला निम्मा भागच ऐकू आला होता. पद नव्हतं. चौकशी कशाच्या अधिकाराने. कारण शुक्रवारी त्यांच्या टेबलावर एक प्रकरण आलं होतं, आणि त्यातला खालच्या न्यायालयाचा निकाल ग्रात्सियानने दिलेला होता.

प्रकरण एका मुलीचं होतं. कालिना तिचं नाव. ती दोन वर्षांची असताना जानेवारीत तिचा बाप, दामियान, घराला कुलूप लावून दारू प्यायला गेला आणि दोन दिवसांनी आला. आई आधीच वारलेली. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा चूल विझून गार झाली होती. पोर वाचली, पण डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गेली. दामियान नॉर्वेला मासळीच्या कारखान्यात निघून गेला. मुलीला सांभाळायला घेतलं तेओफिलाने. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, एकटी बाई. चार वर्षं तिने सांभाळलं. मग तिने दत्तकाचा अर्ज केला, ग्रात्सियानने दोन्ही बाजू ऐकल्या, बापाचा हक्क काढला आणि मुलगी तेओफिलाला दिली. दामियानने अपील केलं.

अपील बावीस पानांचं होतं. त्यात मुलीबद्दल दीड पान. उरलेल्या साडेवीस पानांत दामियानचे वकील ओस्तोया यांचं म्हणणं एवढंच होतं, की हा निकाल ज्याने दिला तो न्यायाधीशच नाही.

मुद्दा पोकळ नव्हता, हीच तर अडचण होती. न्यायाधीश निवडणाऱ्या मंडळावर पूर्वी न्यायाधीशच आपली माणसं पाठवत. राजधानी वॉर्सातल्या सत्ताधाऱ्यांनी ती निवड संसदेच्या हातात घेतली, म्हणजे पर्यायाने स्वतःच्या. त्या मंडळातून आलेल्यांना जुने लोक ‘नवे’ म्हणत, आणि तो शब्द बोलताना तोंड आंबट करत. लक्झेम्बर्गला सत्तावीस देशांच्या संघाचं न्यायालय आहे. त्याने सांगितलं होतं की न्याय देणारं पीठ कायद्यानेच बसलेलं पाहिजे, आणि शंका आली तर ती तपासणं हे न्यायाधीशाचं काम आहे. देशाच्या नव्या कायद्याने सांगितलं होतं, की शंका घेणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल. दोन्ही कायदे एकाच टेबलावर, एकाच पेपरवेटखाली.

वकील ओस्तोया यांनी आपल्या म्हणण्याला आधार म्हणून एक अवतरण दिलं होतं. पाच वर्षांपूर्वी शेकडो लोक मेणबत्त्या घेऊन कोर्टासमोर जमले होते, तेव्हा पायऱ्यांवरून कुणीतरी बोललं होतं: "ज्याला कायद्याने न्यायाधीश केलेलं नाही, तो गळ्यात गरुडाची साखळी घातली म्हणून न्यायाधीश होत नाही. त्याने सही केलेला कागद कागदच राहतो." खाली बोलणाऱ्याचं नाव दिलं होतं. बोगुमिवा शेरान्त.

कारकून लूत्सिनाबाई तीस वर्षं त्यांच्याबरोबर होत्या. त्यांनी ते पान आधीच वाचलेलं होतं. लिंबू घातलेल्या चहाचा ग्लास टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "मॅडम, वकीलसाहेबांनी तुमच्याच विळीवर तुमचीच भाजी चिरायला दिलीय."

बोगुमिवाबाईंनी ते पान मिटलं.

गाणी संपल्यावर चर्चच्या दारात ग्रात्सियान उभा होता. टोपी हातात, अंगावर बर्फाचा चुरा. चालू प्रकरणाबद्दल दोन न्यायाधीशांनी बोलायचं नसतं, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून तो प्रकरणाबद्दल बोलला नाही. त्याने सांगितलं की सहा वर्षं त्याने सहायक म्हणून काढली, बायकोचं आजारपण, जुनं दार बंद झालेलं, नवं एकच उघडं. तुम्ही जिंकेपर्यंत मी पायरीवर बसून राहायला हवं होतं का, हे त्याने रागाने नाही, खरोखरीच विचारलं.

"बसणारे बसलेत," बोगुमिवाबाई म्हणाल्या. दोन वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"हो, बाई. बसलेत." त्याने टोपी फिरवली. "मला चुकीचा ठरवा. मी लायकच असेन त्याच्या. पण मी काय लिहिलंय तेही एकदा वाचा. तेवढंच."

त्यांनी ते वाचलेलंच होतं. शनिवारी दोनदा. चौदा पानं, एकही शब्द जास्त नाही. शेवटच्या पानावर दामियानला उद्देशून एक परिच्छेद होता: तुम्ही वाईट माणूस आहात असं हे न्यायालय म्हणत नाही, तुम्ही परत आलात तेव्हा मुलीने दुसऱ्या बाईचा पदर धरलेला होता, एवढंच म्हणतं. हरलेल्याला आपण का हरलो हे कळेल असा निकाल. त्यांच्याच शाळेतला.

दत्तकाची सुनावणी बंद दारांआड होते. बाहेर कुणी नाही, आत चौघं-पाचजण. साथीच्या काळापासून अपिलालाही एकच न्यायाधीश बसत होता, त्यामुळे मंचाच्या तीन खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या. बोगुमिवाबाईंनी गळ्यात न्यायाधीशाची गरुडाची साखळी घातली. दामियान बाकाच्या कडेला बसला होता, मोठे लाल हात गुडघ्यांत. आठ महिन्यांत थेंब घेतला नाही, असं त्याने सांगितलं. मुलीबद्दल विचारलं तर म्हणाला, मला ती ओळखत नाही, आणि मान खाली घातली. वकील ओस्तोया मुलीकडे गेलेच नाहीत. ते घटनेवर बोलले, संघाच्या करारावर बोलले, आणि तीनदा "जसं आपणच म्हटलं आहे" असं म्हणाले.

तेओफिला उभी राहिली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, भुवया नव्हत्या. तिच्याकडे वकील नव्हता. तिने नीट, सावकाश सांगितलं, पाठ करून आल्यासारखं.

"जजबाई, मला डॉक्टरांनी या उन्हाळ्यापुढचं काही सांगितलेलं नाही. मुलगी माझी ठरली, तर माझ्या मागे माझी बहीण आदेला तिची मावशी ठरते. मावशीकडून पोर कुणी नेत नाही. माझी नाही ठरली, तर ती कुणाचीच नाही. मग सरकारी बाई येणार, आणि तिच्या कपड्यांची पिशवी भरणार." मग ती म्हणाली, "तो साहेब न्यायाधीश होता की नव्हता, हे मला कळत नाही. मला मुलीचं विचारा."

त्यांनी मुलीचं विचारलं. तेओफिलाने सांगितलं की ती डाव्या हाताच्या उरल्या तीन बोटांनीच बुटाची नाडी बांधते, आणि कुणी मदतीला आलं तर पाय मागे घेते.

त्या दिवशी निकाल देता आला असता. ग्रात्सियानचा निकाल हा निकाल आहे, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य लिहिलं, तर पायऱ्यांवरच्या मेणबत्त्यांचं काय? मंडळाने नेमलेले हजारो होते. आज इथे हो म्हटलं, की उद्या देशभर त्याचा दाखला निघणार: बघा, ती शेरान्तसुद्धा मान्य करते. आणि तो निकाल नाही म्हटलं, तर प्रकरण पुन्हा खाली जाणार, पहिल्यापासून, आणि तेओफिलाकडे तेवढे दिवस नव्हते.

तिसरी एक वाट होती, आणि बोगुमिवाबाईंना ती देवानेच दाखवली असं वाटलं. संघात कुठल्याही गावच्या न्यायाधीशाला थेट लक्झेम्बर्गला प्रश्न विचारता येतो. वरच्याची परवानगी लागत नाही. खेड्यातल्या माणसाने थेट राजाला चिठ्ठी लिहावी तसं. उत्तर येईपर्यंत प्रकरण जागच्या जागी थांबतं.

त्यांनी नऊ दिवस प्रश्न लिहिला. सबंध आयुष्यात त्यांनी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. अशा रीतीने नेमलेल्या न्यायाधीशाचा निकाल हा संघाच्या कायद्याने निकाल ठरतो का. आणि नसेल तर ज्यांनी त्यावर विसंबून आयुष्य उभं केलं त्यांचं काय. लूत्सिनाबाईंनी टंकून प्रत काढली, पानांना टाका घातला, आणि विचारलं, "मॅडम, तातडीचा अर्ज जोडते ना? बाईच्या आजाराचे कागद आहेतच."

इथे बोगुमिवाबाई थांबल्या.

तातडीचं म्हटलं की प्रश्न पाच न्यायाधीशांच्या छोट्या पीठापुढे जाण्याचा संभव. उत्तर चटकन येतं, त्या एकाच प्रकरणापुरतं, आखडतं. तातडी नाही म्हटलं, तर एवढा मोठा प्रश्न पंधरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे जाणार. पंधरा जणांचं उत्तर कुठलंही सरकार खांद्यावरून झटकू शकत नाही. त्यात हजारो माणसांचं भलं होतं. शिवाय आजाराचं लिहिलं, की विरोधक म्हणणार, ही कायदा सोडून दया मागायला गेली. प्रश्न निखळ तत्त्वाचा दिसायला हवा. आणि डॉक्टरांचं काय, डॉक्टर चुकतात. त्यांच्या आईला तीन महिने सांगितले होते, ती चार वर्षं जगली.

हे सगळं त्यांनी लूत्सिनाबाईंना सांगितलं नाही. म्हणाल्या, "नको. आहे तसा जाऊ दे."

लूत्सिनाबाईंनी कागद हातात धरूनच ठेवले. "आत मुलीचं नावही नाही, मॅडम. ‘कौटुंबिक स्वरूपाचं एक प्रकरण’ एवढंच आहे."

"गुप्ततेसाठी."

"बरं," लूत्सिनाबाई म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी इतकं आखूड ‘बरं’ कधी म्हटलं नव्हतं.

प्रश्न गेला. चौथ्या दिवशी न्यायालयाच्या अध्यक्षांनी बोगुमिवाबाईंना एक महिना कामावरून दूर केलं. शिस्तभंगाची नोटीस हातात दिली. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर पुन्हा लोक जमले. मेणबत्त्या वाऱ्याने विझतात म्हणून तिकडे कबरीवर ठेवतात ते झाकणाचे काचेचे दिवे लोकांनी आणले होते, लाल, पांढरे. पायऱ्या कबरस्तानासारख्या उजळल्या. वॉर्साहून कॅमेरे आले. कुणीतरी घटनेची प्रस्तावना मोठ्याने वाचली. बोगुमिवाबाईंनी प्रत्येक ओळ बरोबरीने म्हटली, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी खरोखरच नोकरी पणाला लावली होती.

गर्दी पांगताना त्यांना तेओफिला दिसली. कठड्याशी, एका मुलीचा हात धरून. लोकांना वाटलं तीही समर्थक. एका बाईने तिच्या हातात दिवा दिला होता, तो तिने खाली ठेवायचं विसरून तसाच धरला होता.

"जजबाई," ती म्हणाली, "माझी तारीख कधी?"

बोगुमिवाबाईंनी समजावून सांगितलं. लक्झेम्बर्ग, उत्तर, वाट. तेओफिलाने सगळं ऐकून घेतलं.

"एका पोरावरून दोन बायका भांडत आल्या, तेव्हा शलमोन राजाने तलवार तरी मागवली होती," ती म्हणाली. "त्याच दिवशी उरकलं." तिने दिवा त्यांच्या हातात दिला आणि मुलीला घेऊन बसथांब्याकडे गेली. मुलीच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. रस्त्यात ती खाली बसली, आपली आपण बांधली, आणि तेओफिला शेजारी थांबून राहिली.

तो दिवा बोगुमिवाबाईंनी कचेरीतल्या कपाटावर ठेवला. आठवण म्हणून.

उन्हाळा गेला, आणि तेओफिला गेली नाही. तिने डॉक्टरांना खोटं पाडलं. बोगुमिवाबाई कामावर परत आल्या होत्या; प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला तेओफिला बसने यायची, लूत्सिनाबाईंच्या खिडकीशी उभी राहून विचारायची, पत्र आलं का. ऑगस्टात स्वतः आली. नोव्हेंबरात बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून आली. जानेवारीत नुसता फोन आला. फेब्रुवारीत, उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या आठवड्यात, ती वारली.

सरकारी बाई तिसऱ्या दिवशी आली. तिने पिशवी भरली. आदेलाने अर्ज केला, तर तिला विचारण्यात आलं की मुलीशी तुमचं नातं काय. आणि अपील लटकलेलं, तेव्हा कायद्याने पाहता काहीच नव्हतं. बापाचा हक्कही टांगणीलाच होता. कालिना जिल्ह्याच्या बालगृहात गेली. तिथल्या बाईंनी अहवालात लिहिलं की मूल शांत आहे, त्रास देत नाही.

ग्रात्सियानने त्याच महिन्यात राजीनामा दिला. आपल्या नावाचा प्रश्न पंधरा जणांपुढे पडलेला असताना आपण रोज साखळी घालून माणसांचा न्याय करायचा, हे आता जमत नाही, असं त्याने दोन ओळींत लिहिलं. तो एका नोटरीकडे कागद तपासायच्या कामाला लागला. फादर एवारिस्त त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळले, आणि उपवासकाळात प्रवचन नव्या फादरांनी वाचून दाखवलं. गाणी झाली. डावीकडून खर्जाचा आवाज आला, उजवीकडून उत्तर गेलं. बोगुमिवाबाई तोंड हलवत होत्या, पण आवाज बाहेर पडत नव्हता. शेजारच्या बाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

उत्तर आलं त्याला प्रश्न गेल्यापासून दोन वर्षं व्हायला दहा दिवस कमी होते. मोठ्या पीठाचं. पंधरा सह्या, त्रेपन्न पानं. बोगुमिवाबाईंनी दार लावून घेतलं आणि वाचायला बसल्या. संघ म्हणजे काय, कायद्याचं राज्य म्हणजे काय, न्यायाधीश कुणाच्याही ओंजळीने पाणी पिणारा नसावा म्हणजे काय: सगळं होतं, आणि सुरेख होतं. त्यांची स्वतःची चार वाक्यं तर जवळजवळ तशीच उचललेली. मग शेवटचं पान. नेमणुकीतला दोष गंभीर असू शकतो. परंतु निकालावर विसंबलेल्या व्यक्तींचं, विशेषतः बालकांचं हित, हेही वजनाचं असतं. तेव्हा समोरच्या प्रकरणात त्या निकालाला निकाल मानायचं की नाही, हे सर्व परिस्थिती पाहून प्रश्न विचारणाऱ्या न्यायालयानेच ठरवायचं आहे.

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग त्यांना फादर एवारिस्त यांचा सूर आठवला, आणि त्यातला उरलेला निम्मा भाग. ना या दारी, ना त्या दारी.

लूत्सिनाबाई आत आल्या, चहा ठेवला, काय आलं म्हणून विचारलं नाही. बोगुमिवाबाईंनीच शेवटचं पान त्यांच्याकडे सरकवलं. लूत्सिनाबाईंनी चष्मा लावून वाचलं, आणि पान उलटं करून खाली ठेवलं.

"तातडीच्या पाचांनी याहून वेगळं काय सांगितलं असतं, मॅडम," त्या म्हणाल्या.

अर्जदार मेला तरी क्वचित प्रसंगी दत्तक मंजूर करता येतं, मुलाचं आणि त्याचं नातं आधीच आईमुलासारखं जुळलेलं असेल तर. कायद्यात तेवढी फट आहे. उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात बोगुमिवाबाईंनी सुनावणी लावली. दामियान आला नाही. तो पुन्हा नॉर्वेला गेला होता. वकील ओस्तोया आले, जुनंच अवतरण चौथ्यांदा वाचलं. बोगुमिवाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सगळे उभे राहिले, आणि त्यांनी वाचलं: खालच्या न्यायालयाने दिलेला निकाल हा निकाल आहे. तो कायम करण्यात येतो. कालिना ही मयत तेओफिला हिची मुलगी आहे.

त्या संध्याकाळी मेणबत्त्यांच्या मंडळींपैकी एकाचा फोन आला. वीस वर्षांचा स्नेह होता. तो फक्त "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पण त्याआधीची गोष्ट राहिली. मुलांशी बोलायला न्यायालयात एक निळी खोली असते. भिंती निळ्या, छोट्या खुर्च्या, खोक्यात बाहुल्या. निकाल मुलीला समजेल अशा भाषेत सांगायचं काम न्यायाधीशाचं. आदेला बाहेर बाकावर रडत बसली होती, मोठ्याने, लाज न बाळगता. कालिना आत होती. आठ वर्षांची झाली होती, वेण्या बालगृहात कापलेल्या. बोगुमिवाबाईंनी साखळी काढून पिशवीत ठेवली आणि एका छोट्या खुर्चीवर बसल्या, गुडघे छातीशी आले.

त्यांनी सांगितलं, की आजपासून कागदावर तुझी आई तेओफिला आहे. आदेला तुझी मावशी आहे. तू तिच्याकडे राहायला जाशील, आज संध्याकाळीच.

"ती माझी आईच होती," कालिना म्हणाली.

"हो."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"मी एक पत्र लिहिलं होतं. त्याच्या उत्तराची वाट बघत होते."

"उत्तरात काय आलं?"

बोगुमिवाबाईंनी आयुष्यात कुठल्याही साक्षीदाराला खोटं बोलू दिलं नव्हतं. "की मीच ठरवायचं," त्या म्हणाल्या.

मुलीने यावर विचार केला. बाहुल्यांच्या खोक्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "मग पत्र कुणाला लिहिलं होतं?"

बोगुमिवाबाई म्हणाल्या, "चुकलं माझं. घाई करायला हवी होती, ती मी मुद्दाम केली नाही." चर्चमधल्या कबुलीच्या खिडकीशी हेच वाक्य त्या वर्षभर म्हणत आल्या होत्या, फादरांनी दर वेळी क्षमा दिली होती, आणि दर वेळी ती दारापर्यंतच टिकली होती. मुलीने क्षमा दिली नाही, नाकारलीही नाही. तिने निकालाची प्रत मागितली.

प्रतीवर शिक्का होता. तिने दोन्ही नावं बोट ठेवून वाचली. मग कागद मांडीवर ठेवला आणि तीन बोटांनी घडी घालायला लागली. बोगुमिवाबाईंचा हात पुढे आला. मुलीने मांडी बाजूला घेतली. चार घड्या झाल्या, नीट, कोपऱ्याला कोपरा.

"हा तिच्याकडे ठेवता येईल का?"

"कबरीवर? भिजेल, बाळ."

"काचेच्या दिव्यात ठेवला तर? झाकणाच्या?"

बोगुमिवाबाई उठल्या. जिना चढून कचेरीत गेल्या, खुर्चीवर उभ्या राहून कपाटावरचा तो दिवा काढला. दोन वर्षांची धूळ होती. लूत्सिनाबाईंनी काही न विचारता आपल्या रुमालाने काच पुसली, आतली जुनी मेणबत्ती सुरीने उकरून काढली. खाली निळ्या खोलीत मुलीने दिवा दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, घडी आत टाकली आणि झाकण फिरवून बसवलं.

"हा पेटवायचा नाही," ती म्हणाली. "मावशीला सांगा. मोठ्या माणसांना लक्षात राहत नाही."

बोगुमिवाबाई बाहेर आदेलाकडे गेल्या आणि त्यांनी तसं सांगितलं.